विंगेतून : नाटक शिकायचंय, पण कुठं?

यावेळी मेलचा ढीग आलाय. निकाल लागले की दरवर्षी हेच होतं, घराघरात भांडणं सुरू होतात आणि मग कुणीतरी म्हणतं त्या विंगेतूनवाल्याला विचारा. मी काय करिअर काउन्सेलर नाही हो, तीस वर्षं लाईट केलेत आणि अधूनमधून प्रवेशाच्या ऑडिशनला टेबलामागे बसलोय, तेवढंच. त्यामुळे विंगेतून जे दिसतं ते सांगतो, घ्यायचं तेवढं घ्या.

प्रश्न : मुलगी बारावी सायन्स झाली, ७८ टक्के. पाचवीपासून बालनाट्यात आहे. आता म्हणते नाटकातच डिग्री करणार. तिचे बाबा म्हणतात पुण्यात इंजिनिअरिंगला जा, तिथं पुरुषोत्तम, फिरोदिया या कॉलेजांच्या स्पर्धा कर, हौस भागेल, डॉ. लागूसुद्धा आधी डॉक्टरच होते. मी दोघांच्या मधे. – एक आई, नाशिक

ताई, आधी लागूंचं संपवू, कारण हे उदाहरण प्रत्येक घरात निघतं. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते हे खरंच, पण १९६९ मध्ये चाळिशी उलटल्यावर त्यांनी चालती प्रॅक्टिस सोडून पूर्णवेळ नाटक धरलं. म्हणजे बाबांचं उदाहरण बाबांच्याच अंगावर येतंय बघा.

पण बाबा अगदीच चुकतायत असंही नाही. जब्बार पटेल, मोहन आगाशे, सतीश आळेकर ही सगळी मंडळी पुण्याच्या बी. जे. मेडिकलमधली, एक बालरोगतज्ज्ञ, एक मानसोपचारतज्ज्ञ, एक बायोकेमिस्ट्रीवाले. नाटकाची डिग्री एकाकडेही नाही. पण त्यांच्याकडे काय होतं? आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होत्या, मग पीडीए ही पुण्याची नाट्यसंस्था, मग १९७३ ला स्वतःची थिएटर अ‍ॅकॅडमी, आणि रोज संध्याकाळी तालमीला येणारी तीच तीच माणसं, वर्षानुवर्षं. ती त्यांची शाळाच होती, नुसती पाटी नव्हती. तुमच्या मुलीला इंजिनिअरिंग कॉलेजात असा ग्रुप मिळाला तर मिळाला, नाही मिळाला तर चार वर्षं सबमिशन आणि केटीत जातील आणि नाटक राहील फक्त व्हॉट्सअ‍ॅप डीपीवर.

पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा १९६३ पासून चालू आहे, ऑगस्टात प्राथमिक फेरी, सप्टेंबरात अंतिम. ऐन पावसाळ्यात रात्री दहा-अकरापर्यंत तालमी, डब्यात एक पोळी दोघांत, नवं लिखाण, नवा दिग्दर्शक, सगळं पोरंच करतात. यातून ग्रुप सांभाळणं येतं, वेळेत काम संपवणं येतं, हरणं येतं. २०२२ ला तर परीक्षकांनी अंतिम फेरी बघून करंडक कुणालाच दिला नाही, केवढा गदारोळ झाला होता तेव्हा, पण मला वाटतं पोरांना त्यातून जेवढं कळलं तेवढं बक्षिसातून कळलं नसतं. आता जे येत नाही तेही सांगतो. आवाज कसा कमवायचा ते येत नाही. दोन अंकी नाटकात सव्वादोन तास एक माणूस कसा धरून ठेवायचा ते येत नाही, कारण एकांकिका तासाभराच्या आतली गोष्ट. आणि तुम्ही जन्मात जिच्या वाट्याला गेला नसतात अशी भूमिका कुणी तुमच्याकडून घासून करून घेत नाही, कारण ग्रुपमध्ये जो विनोदी तो पाच वर्षं विनोदीच राहतो.

डिग्रीचं म्हणाल तर बारावीनंतर पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, आळेकरच तिथं १९९६ पासून तेरा-एक वर्षं प्रमुख होते, म्हणजे डिग्री नसलेल्या माणसाने डिग्रीची शाळा चालवली आणि उत्तम चालवली. छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग आहे, जुना आणि दांडगा. मुंबई विद्यापीठाची अ‍ॅकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स कालिन्याला, पण ती पदव्युत्तर आहे, आत्ता नाही. पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूटही ग्रॅज्युएशननंतरच, आणि तिथला अभिनय कॅमेऱ्यासाठीचा, तो वेगळा प्राणी.

आता यातलं चांगलं कुठलं असं विचारू नका. तुमच्या मुलीला कुठलं मानवेल ते शोधायचंय, आणि ते माहितीपत्रकात छापलेलं नसतं. तिथल्या विद्यार्थ्यांचा प्रयोग बघायला जा. तिकीट फारसं नसतं, बऱ्याचदा फुकटच. मागच्या रांगेत बसा आणि हिरो-हिरॉईनकडे बघूच नका, त्यांचं चांगलंच होणार, ते त्यासाठीच निवडलेले असतात. ज्याला दोन वाक्यं आहेत त्याच्याकडे बघा. तो दुसऱ्याचं ऐकतोय का, की आपली पाळी यायची वाट बघत उभा आहे? ब्लॅकआऊटमध्ये लेव्हल्स म्हणजे सेटचे लाकडी चौथरे हलवणारी पोरं न आपटता, न कुजबुजता हलवतायत का? मग प्रयोग संपला की शेवटच्या वर्षाचं एखादं मधलं पोर गाठा, म्हणजे सरांचं लाडकंही नाही आणि वांडही नाही असं, आणि विचारा, तीन वर्षांत तुला किती नाटकं मिळाली, त्यात बोलायला किती होतं, बाहेरचे दिग्दर्शक किती आले. मधल्या पोराला काय मिळतं त्यावरून संस्था कळते. कारण ताई, वाईट वाटून घेऊ नका, पण तुमची मुलगी तिथं गेल्यावर बहुतेक मधलीच असणार. नाशकातली पहिली असली तरी. तिथं सगळे आपापल्या गावचे पहिलेच आलेले असतात.

हे मी अनुभवाने सांगतोय. एका ठिकाणी सलग तीन वर्षं मी वर्षअखेरच्या नाटकाचे लाईट केले. पहिल्या वर्षी बघितलेली दोन पोरं मुख्य भूमिकेत, दुसऱ्या वर्षी तीच, तिसऱ्या वर्षीही तीच, आणि बाकीची पंधरा-सोळा जणं कधी गावकरी, कधी सैनिक, कधी झाडं. हो झाडं. नाटकं सुंदर झाली, पेपरात फोटो आले, पण त्या झाडांच्या आईबापांनीही तेवढीच फी भरली होती ना.

आता मुलीबद्दल. ती चांगली करते की नाही हे मला विचारायचंच नाहीये, आईला ते कळत नाही आणि कळूही नये. मला एवढंच सांगा, भूमिका नसते तेव्हा ती काय करते? तालमीला जाते का? प्रॉम्प्टिंग करते, प्रॉपर्टी म्हणजे स्टेजवरच्या वस्तू लावते, चहा आणते, का म्हणते मला रोल नाही मग कशाला? आणि नाटकं वाचते का, नुसते युट्यूबवर सीन बघते असं नाही, पुस्तक हातात घेऊन वाचते का? कारण डिग्रीच्या तीन वर्षांत टाळ्यांचे दिवस मोजून पंधरा-वीस, बाकी सकाळी अंग वळवायचं, आवाजाचे व्यायाम, भरताच्या नाट्यशास्त्रापासून जर्मन नाटककार ब्रेख्तपर्यंत लेक्चरं, दुपारी सेट ठोकायचा, संध्याकाळी तालीम आणि रात्री जागा झाडून बाहेर पडायचं. हे तिला आत्ता, या वयात हवंय का? काही मुलींना हवं असतं, त्या तिथं पाण्यात मासा. काहींना नाटक खूप आवडतं पण दिवसभर नाटकच असलं की त्यांचा जीव घुसमटतो, त्यांना दिवसा वेगळं काही लागतं, आणि त्यात कमीपणा काही नाही.

ती दुसऱ्या जातीची असेल तर तिसरा रस्ता आहे जो तुमच्या घरात कुणी काढलेलाच दिसत नाही. पुण्या-मुंबईत नाटकाची परंपरा असलेल्या कॉलेजात बीए करायचं, साहित्य किंवा मानसशास्त्र घेऊन, तीन वर्षं दाबून एकांकिका करायच्या आणि मग एमएला नाटक. एकविसाव्या वर्षी ती जास्त शहाणी असेल आणि बाबाही थोडे थकलेले असतील.

मला विचाराल तर, ती रोल नसतानाही तालमीला जाणारी असेल आणि ऑडिशनला निवडली गेली तर डिग्रीला पाठवा. मॅथ्स नको म्हणून नाटक म्हणत असेल तर मात्र नका पाठवू, ते तिसऱ्या महिन्यात उघडं पडतं. आणि इंजिनिअरिंगचा फॉर्म भरायच्या आधी बाबांनाही त्या मागच्या रांगेत घेऊन जा. ते काय बघून येतात ते मला कळवा.

प्रश्न : एका अ‍ॅक्टिंग अ‍ॅकॅडमीची जाहिरात बघितली, तीन महिन्यांचा कोर्स, फी दीड लाख, नंतर सिरियलमध्ये काम गॅरंटीड म्हणतात. घ्यावा का? – २१ वर्षं, कोल्हापूर

नको. काम गॅरंटीड म्हणणाऱ्याला विचार की लेखी देता का, आणि मग त्याचा चेहरा बघ, दीड लाखाचा अभिनय फुकटात बघायला मिळेल. तीन महिन्यांचे चांगले कोर्सही असतात रे, पण ते कामाचं आश्वासन देत नाहीत, ते फक्त कोण शिकवणार ते सांगतात. सिरियलच करायची असेल तर ठाण्याच्या घोडबंदर रोडवर एक दिवस ओळखीने सेटवर जाऊन बस, बारा-तेरा तासांची शिफ्ट कशी असते बघ, तुमच्या कोल्हापूर-साताऱ्याकडेही शूटिंग चालतात. आणि दीड लाख बँकेत ठेव, मुंबईत पहिल्या वर्षी भाड्याला लागतील.

प्रश्न : सर मी बीकॉम आहे, वय २४, आठ वर्षं नाटक करतोय, राज्य नाट्य स्पर्धेत काम केलंय. एनएसडी हे एकच स्वप्न आहे. पण माझं हिंदी एकदम कच्चं, "मेरेको वो बोला" टाइप. जमेल का? आणि नाही झालं तर? – परभणी

मित्रा, एनएसडी म्हणजे दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय, स्थापना १९५९, तीन वर्षांचा पूर्णवेळ डिप्लोमा, पदवी झालेली लागते, काही नाटकांत काम केल्याचा पुरावा लागतो, वयाची अट असते. अटी थोड्या बदलतात म्हणून त्या त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाच, मित्राने सांगितलेली नको. आधी केंद्रावर ऑडिशन, त्यातून निवडलेल्यांचं दिल्लीत काही दिवसांचं वर्कशॉप, आणि सबंध देशातून शेवटी जेमतेम तीसेक पोरं घेतात. फीचं ओझं नाही, उलट महिन्याला स्कॉलरशिप मिळते, त्यामुळे परभणीचा पोरगा आणि साउथ दिल्लीचा पोरगा एकाच मेसमध्ये जेवतो, ही मला त्या जागेची सगळ्यात आवडती गोष्ट वाटते.

हिंदीचं टेन्शन घेऊ नको पण हलक्यातही घेऊ नको. तिथं ईशान्येतून, केरळातून पोरं येतात, त्यांचं हिंदी तुझ्यापेक्षा कच्चं असतं. सई परांजपे तिथल्याच, रोहिणी हट्टंगडी पुण्याहून तिथं गेल्या, मराठी माणसाला ती जागा परकी नाही, वामन केंद्रे तर तिथले संचालकच होते. पण तीन वर्षं तू हिंदीत विचार करणार, हिंदीत रडणार, आणि परत आल्यावर तुझी मराठी किंचित वाकडी झालेली असेल. काहींना त्याने मोकळं वाटतं, त्यांना आपलीच भाषा लांबून बघता येते. काही मात्र ना तिकडचे ना इकडचे होऊन मुंबईच्या अंधेरीत अडकतात. तुझं नाटक जर परभणीच्या बोलीत असेल, तुझी सगळी गंमत तिथल्या हेलात असेल, तर तू हे आधी स्वतःला विचार, पॅनेल नंतर विचारेल.

वर्कशॉपमध्ये काय बघतात असं सगळेच विचारतात. मी दिल्लीच्या पॅनेलवर कधी नव्हतो, पण इकडच्या ऑडिशन टेबलामागून एक सांगतो. पाठ केलेला तुकडा झाला की आम्ही म्हणतो, आता हाच तुकडा झोपलेल्या बाळाला जागं न करता कर. जो हसतो आणि लगेच करून बघतो तो आत. जो म्हणतो "सर पण या कॅरेक्टरचं तसं नाहीये" तो बाहेर. तयारीच्या क्लासला जाऊन आलेली पोरं ओळखू येतात रे, सगळ्यांचा श्वास एकाच जागी तुटतो. त्यापेक्षा रोज एक हिंदी नाटक मोठ्याने वाच, भिंतीला ऐकव.

नाही झालं तर संभाजीनगर तुला रात्रीच्या गाडीवर आहे, तिथं पदव्युत्तर कर, मराठवाड्याच्या बोलीतलं पोरगं तिथं विचित्र वाटत नाही. मुंबईचं कालिना आहे, दोन वर्षांचं. कर्नाटकात हेग्गोडूला नीनासम आहे, गावात राहून नाटक शिकवणारी फार गोड जागा, पण शिकवणं कन्नडात, तेव्हा ती सोलापूर-जतच्या कन्नड येणाऱ्या पोरांसाठी लिहून ठेवतोय, तुझ्यासाठी नाही. आणि एक स्वप्न, एक स्वप्न करू नको. तीसेक जागांवर सगळा देश उभा आहे, तिथं नाव न लागणं म्हणजे तू वाईट नट असं अजिबात होत नाही.

प्रश्न : मी झाडीपट्टीच्या नाटकांत काम करतो, चार सीझन झाले, वडसाच्या एका कंपनीत. घरी थोडी धानाची शेती. लोक म्हणतात पुण्याला जाऊन शिक म्हणजे खरा नट होशील. – गडचिरोली जिल्हा

भाऊ, खरा नट हा शब्द ज्यांनी वापरला त्यांना एकदा रात्रभराच्या नाटकात उभं कर. दिवाळी झाली, धान घरात आलं की होळीपर्यंत तुमच्याकडे रोज कुठल्या ना कुठल्या गावात मंडई म्हणजे जत्रा, शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत आणि नाटक, हजारो माणसं पोतं अंथरून पहाटेपर्यंत बसतात, आणि तू आज एका गावात तर उद्या पन्नास किलोमीटरवर दुसऱ्या. पुण्यातल्या डिग्रीच्या पोराला तीन वर्षांत जेवढे प्रयोग मिळतात तेवढे तू एका सीझनमध्ये करतोस. त्याला प्रेक्षक कसा असतो ते शिकायचंय, तुला ते येतं.

तुला काय येत नाही ते तुलाच माहीत असणार, पण अंदाजाने सांगतो. आवाज. चार सीझन ओरडून गळा बसायला लागला असेल. दुसरं म्हणजे हळू बोलणं, कारण तुमच्याकडे शेवटच्या पोत्यापर्यंत पोचवायचं असतं आणि वादकांच्या वर जायचं असतं. तिसरं म्हणजे आपलं नाटक आपण लिहिणं.

आता अडचण कुठली हे पुण्याचा सल्ला देणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. तुझा सीझन आणि कॉलेजचं वर्ष एकाच वेळी असतं. दिवाळी ते होळी म्हणजे ऐन सेमिस्टर, हजेरी, परीक्षा. पूर्णवेळ डिग्री घेतलीस की तीन सीझन गेले, कंपनीतली जागा गेली, घरात येणारी नाईट, म्हणजे प्रयोगाचे पैसे, गेली. तुझं घर ते सोसत असेल तर जा, मी अडवत नाही. नाहीतर एप्रिल-मे-जून तुझा मोकळा आहे, पेरणीच्या आधी, त्याच काळात उन्हाळी शिबिरं सगळीकडे असतात. एका वर्षी आवाजाचं कर, दुसऱ्या वर्षी लेखनाचं. आणि तिथं कुणी म्हणालं की तुझी बोली आधी शुद्ध करू, तर नमस्कार करून परत ये. प्रमाण मराठी अजून एक कपडा म्हणून शीक, अंगावरचा काढून नव्हे.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत असतो. मुलगी इथेच जन्मली, मराठी मंडळाच्या नाटकांत कामं करत आलीय, हायस्कूल म्युझिकलमध्येही असते. तिला कॉलेजला थिएटर घ्यायचंय. बीएफए आणि बीए यात काय निवडावं? – एक बाबा

तुमच्याकडचं मला ऐकून-बघून जेवढं माहितीय तेवढं सांगतो, माझी भाची यातून गेलीय. बीएफए (बॅचलर ऑफ फाइन आर्ट्स) म्हणजे बहुतेक सगळा वेळ नाटकच, अभिनय, आवाज, हालचाल, आणि बाकी विषय तोंडी लावायला. बीए म्हणजे नाटक मुख्य पण सोबत इतिहास, अर्थशास्त्र, कॉम्प्युटर काय हवं ते. बीएफएला बऱ्याच ठिकाणी मार्कांचा दरवाजा वेगळा आणि ऑडिशनचा वेगळा, दोन्ही उघडावे लागतात. आधी व्हिडिओ पाठवायचा, तो पसंत पडला की जानेवारी-फेब्रुवारीत न्यूयॉर्क, शिकागो, लॉस एंजेलिसला एकत्र ऑडिशन्स होतात, तिथं एकमेकांहून अगदी वेगळी दोन स्वगतं करायची. बरीच कॉलेजं एका वर्गात फार कमी मुलं घेतात, त्यामुळे भरपूर ठिकाणाहून नकार येतो, आणि सतराव्या वर्षी तो चेहऱ्याला दिलेला नकार वाटतो. तेव्हा ऑडिशन नसलेली दोन तरी बीए कॉलेजं यादीत असू द्या, आणि ती नाइलाजाची नाही तर तिला खरंच आवडणारी असू द्या.

कार्नेगी मेलनसारखी नावं तुम्हाला आकर्षित करणार, तिथं १९१४ पासून नाटकाची पदवी आहे, नाव मोठंच आहे. पण वर नाशिकच्या ताईंना सांगितलं तेच तुम्हाला, मधल्या मुलाला काय मिळतं ते विचारा, आणि तुमच्या बाबतीत अजून एक विचारा, आपल्यासारख्या दिसणाऱ्या मुलीला इथं गेल्या दोन वर्षांत कुठल्या भूमिका दिल्या. कायम हिरॉईनची मैत्रीण असेल तर समजून घ्या. कर्ज किती होणार ते मुलीसमोर कागदावर मांडा, लपवून ठेवून नंतर ऐकवू नका.

प्रश्न : मला अभिनय नाही करायचा, लाईट करायचेत. घरचे म्हणतात त्याचा कोर्स असतो का? इलेक्ट्रिशियनच हो ना मग. – सांगली

अरे वा, अखेर माझा माणूस. घरच्यांचं अर्धं बरोबर आहे, आयटीआयचं वायरमनचं वर्ष कधीच वाया जात नाही, मी स्वतः ते न करता आलो आणि दोनदा शॉक खाल्लाय. नुसता लाईटचा पदवी कोर्स आपल्याकडे शोधत बसू नको. नाटकाच्या सगळ्या चांगल्या कोर्समध्ये प्रकाशयोजना आणि नेपथ्य शिकवतात, एनएसडीत पहिलं वर्ष सगळ्यांना सगळं असतं आणि पुढे डिझाइन-दिग्दर्शनाकडे वळता येतं. मात्र प्रवेश घेताना एक गोष्ट बघून घे, विद्यार्थ्यांच्या नाटकाचे लाईट विद्यार्थी करतात का बाहेरून माणूस बोलावतात. बाहेरून बोलावत असतील (मलाच बोलावतात, म्हणून माहितीय) तर तिथं तू शिडी धरायलाच राहशील.

तोवर भावे नाट्यमंदिरात जे व्यावसायिक नाटक येईल त्याच्या दुपारीच जा. टेम्पो साडेबारा-एकला येतो. उतरवायला हात लाव, कुणी नाही म्हणत नाही. स्पॉट कुठल्या बारवर कसा टांगतात, जेल म्हणजे रंगीत कागद कुठला लावतात, डिमरला कुठला नंबर देतात ते वहीत लिहून घे, आणि प्रयोग विंगेतून बघ. चप्पल रबरी घाल.